कारळ्याचा बांध

भाद्रपद सरता सरता
आजऱ्याच्या वरच्या अंगाला मोजणीला गेलो होतो.
दोन्ही घरांना नोटीस लागू झालेली,
पिशवीत टिपण, गटबुक, चुन्याची पुडी,
खांद्यावर यंत्राची तिकटी.
आणि जिथून हद्दीची रेघ जायची
नेमका तिथंच कारळा फुललेला.

कोल्हापूर सोडल्यापासून वाटभर ऊस,
कारखान्याच्या नोंदीतला हिरवा.
इथं माळ तांबडा, नांगराला दगड लागणारा,
आणि त्यावर हे पिवळं
कुणी मागितलं नसताना.
फुलं बारकी, आठ-आठ पाकळ्यांची.
सूर्यफुलासारखा मान वळवायचा थाट नाही.
वारा आला की सगळी मिळून एकदा हो म्हणतात
आणि परत आपापल्या जागी.

हौसाक्का दोरुगडे बांधावर उभ्या.
"सायेब, बारापतोर थांबा.
माश्या कामावर हाईत."

पलीकडून दीर, भिकाजी:
"बांध माझ्यात दोन हात सरकलाय,
आन ह्यास्नी माश्यांचं पडलंय!"
पण तोही
चपला हातात घेऊन
फुलांच्या अलीकडंच थांबला होता.

सरकारी काम सहा महिने थांबतं,
तर बारापर्यंत का नाही?
दगडावर बसलो.
कान दिला तर अख्खा पट्टा
घाण्यासारखा फिरत होता, हळू,
आत्ताच बैल जुंपल्यासारखा.

"गुरं तोंड लावत न्हाईत ह्याला,
म्हणून कडंनं पेरायचा.
आत नाचणी, भुईमूग बिनघोर.
तारेचं कुंपण घाला म्हणत्यात पोरं.
तारंचं तेल निघतंय व्हय?"

मग बोटं मोडत गेल्या:
भाकरीवर तेल. तान्ह्याच्या टाळूला तेल.
कांडून चटणी, लसूण जरा जास्त.
पेंड म्हशीला, दुधाला दाट पडती.
काटक्या चुलीला.
खालच्या आळीतला इरफान पेट्या आणून ठेवतो,
मधाची एक बरणी त्याची आठवणीनं येते.
बोटं संपली तसा
पदराला हात पुसला.

"आणि नुसतं बघायला?"
मी विचारलं, उगीच, वेळ जावा म्हणून.
त्या माझ्याकडं बघत राहिल्या,
मापाड्यानं मापाड्याकडं बघावं तशा.
"बघायला व्हय?
त्यो वरताळा."

बाराला माश्या पांगल्या.
मी आडवा होऊन आत शिरलो,
कोपर अंगाशी, तिकटी उंच,
आणि तरी पँटीला पिवळं लागलंच.
हद्द निघाली ती
हौसाक्का म्हणत तिथं नाही,
भिकाजी म्हणत तिथंही नाही:
कारळ्याच्या चौथ्या आणि पाचव्या ओळीमधून.
"पेरला कुणी?"
"मी."
"पाभर कुणाची?"
भिकाजीनं चपला खाली टाकल्या, घातल्या.
चुन्याची फक्की मारायला हात गेला
तर दोघंही एकदम ओरडली,
"फुलावर नगं!"
चार खुणा दगडांनीच केल्या.

निघताना गेल्या सालच्या तेलाची बाटली आली,
तोंडाला कागदाचा बोळा.
घेणं नियमात बसत नाही, म्हटलं.
"घ्या," भिकाजी म्हणाला,
"तक्रार करणारा मीच की हो."

उत्तूरच्या पुढं एसटीनं खड्डा घेतला.
खोलीवर येऊन पिशवी उघडली तर
बोळा सुटलेला,
नकाशा तेलानं भिजलेला.
दिव्यापुढं धरला:
खालच्या पानावरचा गट वर आलेला,
दोन्ही नंबर एकमेकांच्या अंगावर,
लाल रेघ कुठल्या पानावरची
ते मला, काढणाऱ्याला, सांगता येईना.

सोमवारी दुसरी प्रत केली.
कोरडी, सहीशिक्क्याची, बरोबर.
पहिली फाईलला लागत नाही,
टाकवतही नाही.
कधी खालचा खण ओढला
की वास येतो जरासा कडवट,
आणि साडेअकरालाच
डब्याची आठवण होते.